चौथा ठिपका

एल्सबोच्या बंदूक क्लबात ऑर्लिन स्टावेनला नेमबाज म्हणून कुणी ओळखत नव्हतं. पंचविसातली अठरा पाखरं फुटली की त्याच्या घरी त्या दिवशी सण. पाखरं म्हणजे खरी नव्हेत. समोरच्या बुटक्या खोपटातलं यंत्र हवेत फेकतं त्या मातीच्या बश्या. पण आमच्या मिनेसोटात सगळे त्यांना पाखरंच म्हणतात, आणि एखादं फुटलं नाही की मागे उंच खुर्चीवर बसलेला गुण लिहिणारा ‘गेलं!’ म्हणून ओरडतो. ऑर्लिनच्या वाट्याला ते ‘गेलं’ पुष्कळदा यायचं. तो हसायचा, बंदूक खाली ठेवायचा आणि वाकून जमिनीवरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायला लागायचा. त्याचा सगळा जीव तिथे.

काडतूस उडालं की दारू जळते, छर्रे जातात आणि मागे उरते ती प्लास्टिकची पुंगळी, बुडाशी पितळी वाटी असलेली. जमिनीवर पडलेली पुंगळी क्लबाची, हा आमचा जुना नियम. आणि क्लबाची म्हणजे ऑर्लिनची, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. तो गोणी भरून घरी न्यायचा, गॅरेजातल्या बाकावर ओतायचा आणि बायका तांदूळ निवडतात तसा निवडत बसायचा. तोंड चिमटीत दाबून बघायचा, चिरलंय का. काठाच्या चुण्या बोटाने चाचपायचा. मग लाकडावर टाकून आवाज ऐकायचा, कारण धड पुंगळी टणकन वाजते आणि फुटकी बद्द. शेवटी बॅटरी लावून आत डोकवायचा. एवढ्यातून पार पडली तर तिला ठिणगी पाडणारी नवी टोपी, नवी दारू, नवे छर्रे, आणि यंत्राचा दांडा खाली ओढून तोंड बंद. निम्मा तालुका ऑर्लिनची काडतुसं उडवायचा.

नवशिक्यांना तो एकच गोष्ट दहादा सांगायचा. “पुंगळ्या दोन जातीच्या. एक अख्खी, बूड आणि भिंत एकाच प्लास्टिकची ओतलेली. ती म्हशीसारखी, कितीदाही राबवा. दुसरी जोडाची. तिच्या बुडात बूच वेगळं बसवलेलं असतं. वरून दोघी जुळ्या बहिणी. पण जोडाचीचं बूच दर वेळी बार झाला की थोडं थोडं सुटतं बरं का. आणि एखाद्या दिवशी ते छर्र्यांमागोमाग निघतं नि तुमच्या बंदुकीच्या नळीत मधेच अडकून बसतं. तुम्हाला पत्ताही लागत नाही, तुमचं पाखरू तर फुटलेलं असतं. तुम्ही खुशीत पुढचं काडतूस घालता. पुढे नळी बंद. मग काय होतं ते बघायला तुम्ही शुद्धीवर नसता.”

म्हणून जोडाची पुंगळी तो तीनदाच भरायचा. दर भरणीला पितळी बुडावर निळ्या शाईचा एक ठिपका. तीन ठिपके झाले की ती उडाल्यावर सुरीने उभी कापून कचऱ्यात, म्हणजे कुणा शहाण्याने उचलून पुन्हा भरायला नको. ऑर्लिनचे ठिपके म्हणजे आमच्याकडे कायदा होता. स्वतः ऑर्लिनने तो एकदाच मोडला.

ते सांगायचं तर डेल्मर रूडेनपासून सुरुवात करायला हवी. डेल्मर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, चाळीस गाईंचा धनी, आणि नेमबाज असा, की पाखरू खोपटातून निघतानाच घाबरत असावं. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलायचं नाही. दर गुरुवारी गाईंचं उरकून डेल्मर ऑर्लिनच्या गॅरेजात यायचा, तीन पायांच्या स्टुलावर बसायचा आणि प्रत्येक पुंगळीला तेच विचारायचा.

“बघितलंस ना आत?”

“नाही, वास घेतला,” ऑर्लिन म्हणायचा. “डोळे आहेत लेका मला.”

“नाही, विचारलं आपलं. हात माझा आहे.”

एकोणनव्वदच्या एप्रिलमध्ये जिल्ह्याची मॅच होती. डेल्मरला चार डबे हवे होते, म्हणजे शंभर काडतुसं. ऑर्लिनकडे अख्ख्या पुंगळ्या निघाल्या पंचाहत्तर. उरलेल्या पंचवीस आणायच्या कुठून? कुणाकडे मागायच्या तर ‘ऑर्लिनकडे पुंगळ्या संपल्या’ अशी गावभर बोंब. बाकाखालच्या बादलीत कापायला ठेवलेल्या जोडाच्या पुंगळ्या होत्या, तीन-तीन ठिपक्यांच्या. त्याने एक उचलून वाजवली. टणकन वाजली. तोंड कोरं करकरीत. एकदा चालून जाईल, एवढं काय, त्याला वाटलं. रेडिओवर बेसबॉलचा सामना रंगात आला होता. काहींच्या आत तो डोकावला, काहींच्या नाही.

पंचविसाव्या काडतुसाचं तोंड बंद करून त्याने निळा पेन उचलला. चौथा ठिपका दिला तर डेल्मर तो बघणार आणि बोंबाबोंब करून सगळा डबा परत करणार. ऑर्लिनने पेनला टोपण लावलं आणि पेन डब्यात ठेवून दिला. बस्स, एवढंच केलं त्याने. डब्यावर तारीख घातली, खाली ‘डे.’ लिहिलं.

मॅचच्या दिवशी बर्फ वितळून मैदानाचा राडा झाला होता. ऑर्लिन उंच खुर्चीवर गुण लिहायला होता. पाच जण ओळीने उभे राहतात, एकामागून एक आपलं पाखरू मागतात आणि उडवतात. डेल्मरची तीन डबे काडतुसं उडून गेली होती आणि चौथा चालू होता. अकराव्या पाखराला बार झाला आणि ऑर्लिनची मान वर झाली. आवाज पोकळ होता. पाखराचा चुरा झाला, लोकांनी वाहवा केली, पण ज्याने हजारो काडतुसं भरली त्याच्या कानाला कळायचं ते कळलं. गुण लिहिणाऱ्याला खेळ थांबवायचा हक्क असतो. नुसतं ‘थांबा’ म्हणायचं. डेल्मरची पाळी परत यायला मधली चार पाखरं व्हायची होती.

पहिलं पाखरू फुटलं. थांबवलं तर नळीत काठी घालून बघतील. बूच निघेल. डबा बघतील. दुसरं फुटलं. भास झाला असेल आपल्याला. तिसरं फुटलं. चौथ्या माणसाचं फुटलं नाही आणि ऑर्लिनने सवयीने तोंड उघडलं, पण ‘गेलं!’ एवढंच ओरडला. मग डेल्मरने पाखरू मागितलं.

नळी फुटली आणि डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. गाईंची धार काढायला माणूस लागतो आणि माणसाला हात लागतात. दुसऱ्या वर्षी गोठा रिकामा झाला.

आणि दोष कुणावर आला? आमच्याकडे नेमबाज उजव्या बुटाच्या पंज्यावर चामड्याचा तुकडा लावतात आणि पाळी येईपर्यंत बंदुकीचं तोंड त्यावर टेकवून उभे राहतात. त्या दिवशी राडा घोट्याइतका. सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, की डेल्मरची नळी बुटावरून घसरली असणार आणि तोंडात चिखल बसला असणार. डेल्मर हॉस्पिटलात पडल्या पडल्या म्हणाला, “तसंच झालं असेल. मला आठवत नाही, पण दुसरं काय असणार? काडतुसं तर ऑर्लिनची होती.”

हे ऐकताना ऑर्लिन कॉटच्या पायथ्याशी उभा होता. कोटाच्या खिशात ती अकरावी पुंगळी होती. बार झाल्यावर सगळे डेल्मरकडे धावले तेव्हा हा माणूस आधी जमिनीकडे वाकला होता. पुंगळीच्या बुडात बूच नव्हतं, नुसतं पितळ चमकत होतं. हॉस्पिटलातून परतताना तो क्लबात गेला आणि खोपटापलीकडच्या शेतात त्याने ती पुंगळी अंगातल्या सगळ्या जोराने भिरकावली.

तेव्हापासून दर वसंतात त्याची एक खोड सुरू झाली. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन फुगते आणि बर्फ वितळला की पोटातलं सगळं वर काढून टाकते, दगड काय, हाडं काय, वर्षानुवर्षांच्या पुंगळ्या काय. ऑर्लिन त्या शेतात एकटा फिरायचा. दिसेल ती पुंगळी उचलायचा, चिखल पुसायचा, ठिपके बघायचा, आत डोकवायचा आणि टाकून द्यायचा. “ऑर्लिनराव अळंबी वेचताहेत!” क्लबातली माणसं हसायची. कधी तीन ठिपक्यांची जोडाची पुंगळी सापडली की तो तिथेच थांबून ती उन्हाकडे धरायचा. आत बूच दिसलं की हुश्श व्हायचं, आणि पुढच्या पावलाला पुन्हा तेच. ती सापडली असती तर त्याने काय केलं असतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

क्लबाने दारात पाटी लावली, बंदूक टेकवण्याआधी खाली बघा म्हणून. आणि लोकांची जीभ काय गप्प बसते? कुणाची नळी जरा खाली गेली की मागून ओरडायचे, “ए, डेल्मर करू नकोस!” पुढेपुढे त्याचं क्रियापदच झालं. डेल्मरला कधी न पाहिलेली पोरंसोरंही एकमेकांना तेच सांगायची. डेल्मर स्वतः त्यावर हसायचा. त्याची बायको आर्लिस हसायची नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरून तिने घर ओढलं आणि चारचौघांत त्याला टोमणे मारले. “एवढा मोठा बूट दिला देवाने ह्याला, पण साहेबांनी चिखलच शोधला!” ती म्हणायची. एका वर्षी तर अख्खा हिवाळा ती त्याच्याशी बोलली नाही. डेल्मर तिला उलटून बोलायचा नाही. गुरुवारी ऑर्लिनकडे येऊन स्टुलावर बसायचा, राहिलेल्या करंगळीत पुंगळी अडकवायचा, उजेडाकडे धरून आत बघायचा.

“बघितलंस ना आत?”

“बघितलं,” ऑर्लिन म्हणायचा. त्याची गंमत करायची हिंमत आता उरली नव्हती.

एकोणीस वर्षं हे चाललं. सांगायचं, सांगायचं म्हणत किती गुरुवार गेले त्याची गणती नाही. कधी कॉफी गार व्हायची, कधी डेल्मरच दुसरं काही बोलायला लागायचा. जन्मजात लबाड माणूस नव्हता हो ऑर्लिन, आणि तेच वाईट झालं. लबाड असता तर सुखाने झोपला असता.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत डेल्मर छातीच्या दुखण्याने गेला. पुढच्या गुरुवारी ऑर्लिन बाकाशी बसला, दांडा ओढला, आणि मागे स्टूल कुरकुरलं. तो वळला नाही. लाकूड थंडीने आवळतं, स्वतःला त्याने समजावलं. दुसऱ्या पुंगळीला पुन्हा कुरकुरलं. मग तो प्रत्येक पुंगळी हातात घेऊन मोठ्याने म्हणायला लागला, “बघितलं. बघितलं रे. हीपण बघितली.” बायको वारल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. स्टूल त्याने अंगणात नेऊन ठेवलं. रिकाम्या जागेवरूनही कुणीतरी वाट बघतंय असं वाटत राहिलं.

मे महिन्यात, शनिवारी सकाळी, डेल्मरची मुलगी मार्ना त्याच्या दारात उभी राहिली. चाळिशी उलटलेली, बापासारखी उंच, शहरात नर्स. काखेत पुठ्ठ्याचा डबा.

“ऑर्लिनकाका, हे काय सापडलं बघा! बाबांच्या कपाटात, स्वेटरांखाली.”

डबा बघूनच ऑर्लिनने दाराची चौकट धरली. त्याचंच अक्षर, तीच तारीख, खाली ‘डे.’. आत तेरा काडतुसं.

“त्या दिवशीची उरलेली,” मार्ना म्हणाली. “बारा उडवली होती, तेरा शिल्लक. एकोणीस वर्षं जपून ठेवली बघा त्यांनी. उद्या क्लबात बाबांच्या आठवणीची नेमबाजी आहे ना? हीच उडवणार मी. आई बघायला येणारे.”

“जुनी झाली गं ती,” ऑर्लिन म्हणाला. “दारूला ओल लागली असेल.”

“कपाटात? आईच्या घरात? तिथे माणसाला ओल लागत नाही, काका.”

“मी नवी देतो. डबाभर देतो.”

“नवी कुणीही उडवेल. ही तुम्ही बाबांसाठी भरलेली.” तिने एक काडतूस उलटं करून बुडावरचे पुसट ठिपके दाखवले. “आणि मी मोजले. तीनच आहेत. तुमच्या तीन ठिपक्यांवर बाबा डोळे मिटून विश्वास ठेवायचे.”

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. माणसाला आयुष्यात एवढी उघडी फट पुन्हा मिळत नाही. पण ऑर्लिनच्या तोंडून निघालं ते भलतंच. “बरं,” तो म्हणाला. “उद्या उडवायच्या आधी माझ्याकडे दे. एकदा पुसून देतो.”

“द्या की. तुमचीच तर आहेत!” ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

दिवसभर तो बाकाशी बसला. त्याच रंगाच्या अख्ख्या पुंगळ्या त्याने गोणीतून शोधून काढल्या. शंभर बघितल्या तेव्हा तेरा मनासारख्या मिळाल्या. प्रत्येकीचं तोंड दाबलं, वाजवली, आत बॅटरी धरली. आयुष्यात कधी भरली नव्हती इतक्या निगुतीने भरली. मग पितळेवर तीन-तीन निळे ठिपके दिले, बोटाने पुसट केले आणि कॉफीच्या चोथ्यात घोळवून त्यांना एकोणीस वर्षांचं केलं. हात जराही कापला नाही. खोटं करायला बसल्यावर आपला हात इतका स्थिर कसा, ह्याची त्याला मनातून किळस आली.

रविवारी ऊन पडलं होतं. क्लबात साठ-सत्तर माणसं, टेबलावर केक आणि कॉफीचं मोठं भांडं. आर्लिस निळा कोट घालून आली होती आणि डबा तिच्याच मांडीवर होता.

“मार्ना म्हणाली तुला पुसायचीत,” ती म्हणाली आणि डबा पुढे केला. “पूस बाबा. तू आणि तुझ्या पुंगळ्या. डेल्मर म्हणायचा, ऑर्लिनचं लग्न आधी पुंगळ्यांशी झालं, मग बायकोशी.”

इतकं सोपं होतं ते. त्याने डबा मागच्या खोलीत नेला, जुनी तेरा कोटाच्या उजव्या खिशात ओतली, डाव्या खिशातली तेरा डब्यात मांडली आणि परत आणून दिला. कुणी बघितलं नाही, कारण ऑर्लिनवर नजर ठेवावी असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. पोरीचा हात वाचला. आता गप्प बसलं तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि आपल्यानंतर हे कुणाला कळणारही नव्हतं. मैदानाकडेच्या बाकावर तो आर्लिसच्या शेजारी जाऊन बसला. पाय हलके झाले होते. देवाने एवढ्यावर सोडलं असेल आपल्याला, असं त्याच्या मनात आलं.

क्लबाचा अध्यक्ष वेंडेल माइक घेऊन उभा राहिला. स्वभावाने गोड माणूस, पण हातात माइक आला की सुटतो. तो डेल्मरच्या नेमाबद्दल बोलला, गाईंबद्दल बोलला. आमच्या रिवाजाप्रमाणे पहिलं पाखरू मेलेल्या माणसाचं. मार्नाने ते मागितलं, ते उडालं, कुणी बार केला नाही, आणि ते ऊन अंगावर घेत दूर गवतात जाऊन अख्खं पडलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या.

मग वेंडेल म्हणाला, “चला, मार्ना! बाबांचीच काडतुसं आहेत म्हणे. फक्त एक सांगतो. नळी बुटावर नीट टेकव. घरातला एक डेल्मर पुरे!”

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते, मायेचंच होतं. मार्नाही हसली, तिने बूट उचलून चामड्याचा तुकडा लोकांना दाखवला. आणि ऑर्लिनच्या शेजारी आर्लिस हसली. एकोणीस वर्षांत ह्या गोष्टीवर पहिल्यांदा. डोळे पुसत म्हणाली, “वेंधळा होता मेला. पण माझा होता.”

मार्नाने पाखरू मागितलं. बार झाला, पाखरू फुटलं. बार नीटस होता, टणक. मागच्या बाजूला, बाकाच्या पाठीशी कुणीतरी उभं असल्यासारखं ऑर्लिनला वाटलं. ह्या वेळी तो वळला. कुणी नव्हतं.

“आर्लिस,” तो म्हणाला, “डेल्मरने नळी चिखलात टेकवली नव्हती.”

“हं?” तिचं लक्ष लेकीकडे होतं.

“नळी स्वच्छ होती त्याची. माझ्या काडतुसाचं बूच अडकलं होतं आत. त्या पुंगळ्या कापून टाकायच्या होत्या. मी चौथ्यांदा भरल्या आणि चौथा ठिपका दिला नाही, तो बघेल म्हणून.”

आर्लिसने मान वळवली. मैदानावर आणखी एक बार झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“काय बोलतोयस तू?”

“आणि मला आधीच्या बाराला कळलं होतं. आवाजावरून. मी खुर्चीवर होतो. मधे चार पाखरं गेली, आर्लिस. मी थांबवू शकत होतो.” त्याने उजव्या खिशातून दोन काडतुसं काढून दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली. “हीच ती. मार्ना उडवतेय ती काल मी भरली. त्यात भीती नाही.”

तिने काडतुसांना हात लावला नाही. लोकरीच्या हातमोज्यातली बोटं कोटाच्या बटणाशी खेळत राहिली. मग तिने विचारलं, “त्याला ठाऊक होतं?”

“नाही. मी सांगितलं नाही.”

“दर गुरुवारी यायचा ना तुझ्याकडे?”

“दर गुरुवारी.”

“आणि तू त्याला कॉफी द्यायचास.”

मार्नाने आणखी एक फोडलं, वळून आईला हात केला. आर्लिसनेही हात वर केला आणि खाली घेतला.

“तिचं होऊ दे,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर ऑर्लिनला सोपं गेलं असतं. “मग तिला तूच सांगायचं. आणि त्या वेंडेलच्या माइकवर जाऊन ह्या सगळ्यांना. हसले ना आत्ता, त्या सगळ्यांना.”

“सांगतो. आजच सांगतो.” तो वळून तिच्याकडे बघायला लागला, सत्तरीचा म्हातारा, नाक गळतंय, पुसायचं भान नाही. “आर्लिस, मला माफ करशील? तू तरी?”

“माफी,” ती म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं. “फेब्रुवारीत, जायच्या आदल्या दुपारी, त्याने माझा हात धरला. त्या दोन बोटांनी. म्हणाला, आर्लिस, त्या चिखलाचं मला माफ कर. गाई गेल्या, तुझं आयुष्य त्या शाळेच्या भांड्यांत गेलं, सगळं माझ्या एका बुटापायी. रडत होता रे. कधी रडला नव्हता. आणि मला वाटलं, जाणारा माणूस आहे, आपण मोठं मन करावं. मी म्हटलं, केलं माफ, जा.”

तिने हातमोजे काढले आणि मांडीवर एकावर एक ठेवले.

“आणि वर म्हटलं, पण खाली बघून टेकवायची होतीस रे. ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. संध्याकाळी त्याची शुद्ध गेली.”